राखणदारालाही लगाम हवा

हल्ली 'प्रतिकारशक्ती' हा शब्द दवाखान्यापेक्षा वाण्याच्या दुकानात जास्त ऐकू येतो. २०२० च्या करोना साथीने तो घरोघरी पोचवला. काढे, चूर्णे, सरबते, बिस्किटे, सगळ्यांच्या वेष्टनावर एकच आश्वासन: प्रतिकारशक्ती वाढवा! जणू ती गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्यासारखी वस्तू आहे. पातळी खाली गेली की पंप सुरू करायचा. मी पस्तीस वर्षे विकृतिशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळली. "डॉक्टर, माझी प्रतिकारशक्ती कमी तर नाही ना?" हा प्रश्न मी किती वेळा ऐकला असेल, त्याला गणती नाही. "ती बेलगाम तर झाली नाही ना?" असे मात्र कुणीही, कधीही विचारले नाही. खरे तर हा दुसरा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. तो का, हे समजायचे तर आपल्या रक्तातल्या एका जुन्या, कामसू पण काहीशा तापट यंत्रणेची ओळख करून घ्यावी लागेल.

इंग्रजीत तिला 'कॉम्प्लिमेंट' म्हणतात. स्तुती या अर्थाच्या शब्दाचा उच्चार असाच, पण स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक. इथे अर्थ 'पूरक' असा आहे. दुसऱ्याचे काम पुरे करून देणारी, म्हणून पूरक प्रथिने. नावात थोडा कमीपणा आहे खरा, पण त्याचे कारण इतिहासात आहे.

ही गोष्ट सुरू होते पटकीपासून. १८९४ साली जर्मनीत रिचर्ड फायफर या शास्त्रज्ञाने पटकीचे जंतू आधी टोचून तयार केलेल्या गिनीपिगच्या पोटात जिवंत जंतू सोडले. काही वेळाने पोटातले पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर जंतू पाण्यात मीठ विरघळावे तसे विरघळत चालले होते. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये झ्यूल बोर्दे या पंचविशीतल्या बेल्जियन डॉक्टरने हा प्रकार काचेच्या नळीत करून पाहिला. रक्त गोठल्यावर वर जे पिवळसर पाणी राहते, तो रक्तरस. लस टोचलेल्या प्राण्याचा ताजा रक्तरस जंतूंना मारी. तोच रक्तरस ५५ अंश सेल्सियसपर्यंत तापवला की त्याची ताकद जाई. इथवर नवल नव्हते. नवल पुढे होते. त्या निकामी झालेल्या रक्तरसात बोर्देने लस न टोचलेल्या प्राण्याचा थोडासा ताजा रक्तरस घातला. हा दुसरा रक्तरस एकटा जंतूंचे काहीच बिघडवू शकत नव्हता. पण दोघांची गाठ पडताच जंतू पुन्हा विरघळू लागले!

याचा अर्थ असा, की काम दोघांचे आहे. एक पदार्थ लस टोचल्यावर तयार होतो, नेमका तोच जंतू ओळखतो आणि उष्णतेला दाद देत नाही. आज आपण त्यांना प्रतिपिंडे म्हणतो. दुसरा पदार्थ प्रत्येकाच्या रक्तात जन्मापासून असतो, कोणताही एक जंतू ओळखत नाही आणि थोड्या उष्णतेने मरतो. पहिला खबऱ्या, दुसरा शिपाई. पॉल एर्लिख यांनी पुढे या दुसऱ्या पदार्थाला 'कॉम्प्लिमेंट' हे नाव दिले आणि तेच रूढ झाले. बोर्दे यांना १९१९ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या शिपायाला कामाला जुंपून १९०६ साली वासरमान यांनी उपदंशाची प्रसिद्ध रक्तचाचणी काढली. मेंढीच्या तांबड्या पेशी पूरक प्रथिने फोडतात का, यावर ती अवलंबून होती. फोडल्या तर नळीतले पाणी लालभडक आणि पारदर्शक. न फोडल्या तर पेशी तळाशी जमलेल्या. पेशी शाबूत राहिल्या, तर पूरक प्रथिने आधीच रुग्णाच्या रक्तातल्या लढाईत खर्च झाली, असा निष्कर्ष. माझ्या विद्यार्थीदशेत या पद्धतीच्या चाचण्या आम्ही हाताने करत असू. सकाळी काचेचे मणी घातलेला फ्लास्क घेऊन प्रयोगशाळेचा मदतनीस कत्तलखान्यात जाई आणि मेंढीचे रक्त हलवत हलवत आणी, म्हणजे ते गोठत नसे. गिनीपिगचा रक्तरस बर्फात ठेवलेला असे. एप्रिल-मे महिन्यांत बर्फ वितळला की दिवसभराचे काम वाया. पूरक प्रथिने किती नाजूक असतात हे पुस्तकापेक्षा त्या बर्फाच्या बादलीने मला अधिक चांगले शिकवले.

आज आपल्याला ठाऊक आहे, की हा 'पदार्थ' एकटा नाही. ती तीसहून अधिक प्रथिनांची टोळी आहे. बहुतेक यकृतात तयार होतात आणि रक्तात निद्रिस्त अवस्थेत फिरत राहतात. मुख्य मंडळींना सी-१ ते सी-९ असे क्रमांक आहेत. पण हे क्रमांक शोधाच्या क्रमाने पडले, कामाच्या नव्हे. त्यामुळे सी-१ नंतर सी-४, मग सी-२ आणि त्यानंतर सी-३ असा विचित्र क्रम लागतो. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या या क्रमाला बोटे मोडत परीक्षेला बसल्या आहेत.

ही टोळी तीन प्रकारांनी जागी होते. पहिला प्रकार बोर्देचा: प्रतिपिंड जंतूला चिकटले की सी-१ त्याला येऊन बिलगतो. दुसऱ्यात, जंतूंच्या अंगावरची विशिष्ट साखर ओळखणारी प्रथिने थेट इशारा देतात. प्रतिपिंडांची वाट पाहावी लागत नाही. तिसरा प्रकार सर्वांत मजेदार. रक्तातले सी-३ सतत, अगदी थोड्या प्रमाणात, आपले आपणच उघडत असते आणि जवळ जे सापडेल त्याला चिकटते. रात्रीचा पहारेकरी प्रत्येक दारावर काठी आपटत जातो, तसे. घरातली माणसे आतून ओ देतात. परक्याला परवलीचा शब्द ठाऊक नसतो, आणि तिथेच पहारेकरी शिट्टी फुंकतो.

हा तिसरा मार्ग शोधणाऱ्या माणसाची कहाणी चटका लावणारी आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचे लुई पिलेमर यांनी १९५४ साली 'प्रॉपर्डिन' नावाचे प्रथिन वर्णन केले आणि प्रतिपिंडांविनाही ही यंत्रणा जागी होते असा दावा केला. सुरुवातीला कौतुक झाले, मग शंका घेतल्या गेल्या, टीका वाढली. १९५७ साली, पन्नाशीच्या आतच, पिलेमर गेले. त्यांचे म्हणणे मुळात बरोबर होते हे सिद्ध व्हायला पुढे दहा-बारा वर्षे लागली. आज तो मार्ग शिकवल्याशिवाय या विषयाचा एकही तास पुरा होत नाही.

तिन्ही वाटा सी-३ पाशी एकत्र येतात. प्रौढ माणसाच्या रक्तात एकूण सी-३ किती असेल? चहाच्या चमचाभर साखरेहूनही कमी. पण त्याचा एक रेणू दुभंगला की तो पुढच्यांना दुभंगवतो, ते आणखी पुढच्यांना. गावात अफवा पसरावी तशा वेगाने काही मिनिटांत जंतूचे अंग सी-३ च्या तुकड्यांनी माखून जाते. हे तुकडे पाहताच पांढऱ्या भक्षक पेशी जंतूला गिळतात. या माखण्याला १९०३ साली आल्मरॉथ राइट यांनी एका ग्रीक शब्दावरून नाव दिले. त्या शब्दाचा अर्थ, भाकरीबरोबर खायचे कालवण किंवा चटणी. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे: तोंडीलावणे. कोरडी भाकरी घशाखाली उतरत नाही, ठेच्याबरोबर उतरते. भक्षक पेशींचेही तसेच! याच राइट यांच्यावरून बर्नार्ड शॉ यांनी 'द डॉक्टर्स डिलेमा' या नाटकातला नायक बेतला.

सी-३ आणि सी-५ यांचे सुटलेले छोटे तुकडे आणखी एक काम करतात. ते रक्तवाहिन्या सैल करून भक्षक पेशींना घटनास्थळी बोलावून घेतात. जखमेभोवती येणारी लाली आणि सूज यांत त्यांचा मोठा वाटा असतो. आणि शेवटी सी-५ पासून सी-९ पर्यंतची मंडळी जंतूच्या आवरणात शब्दशः भोक पाडतात. मिलिमीटरच्या सुमारे एक लाखांश रुंदीचे भोक, पण त्यातून पाणी आत शिरते आणि जंतू फुटतो. फायफरने जे 'विरघळणे' पाहिले, ते हेच.

आता खरा प्रश्न. जे हत्यार काही मिनिटांत जंतू फोडते, ते आपल्याच पेशी का फोडत नाही? कारण या यंत्रणेबरोबर निसर्गाने लगामही दिले आहेत. सी-१ ला आवरणारे प्रथिन वेगळे, सी-३ ला आवरणारे 'फॅक्टर एच' वेगळे. शिवाय आपल्या पेशींच्या अंगावर सीडी-५५ आणि सीडी-५९ असे बिल्ले असतात, तेच परवलीचे शब्द. नागाच्या विषात सी-३ च्या तुकड्याशी साम्य असलेले एक प्रथिन असते. त्याच्यावर आपला लगाम चालत नाही. परिणामी रक्तातले सी-३ उधळपट्टी होऊन संपून जाते. काही विषाणू याहून बेरकी. देवीच्या विषाणूच्या कुळातले विषाणू आपल्या लगामांची नक्कल स्वतःच तयार करतात, म्हणजे शत्रूने परवलीचा शब्दच चोरावा! पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात डॉ. अरविंद साहू यांच्या प्रयोगशाळेने विषाणूंच्या या चोरीचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे.

ही यंत्रणा कमी पडली तर काय होते? सी-५ ते सी-९ पैकी एखादे प्रथिन जन्मतःच नसेल, तर मेंदूच्या आवरणाचा दाह करणारा मेनिंगोकॉकस हा जंतू पुन्हा पुन्हा गाठतो. इतर बऱ्याच जंतूंशी मात्र असा माणूस व्यवस्थित लढतो. याहून चकित करणारी गोष्ट सी-१ च्या एका घटकाची. तो ज्यांच्यात जन्मतः नसतो, त्या बहुतेकांना ल्युपस होतो, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार! कारण मेलेल्या पेशींचा केरकचरा उचलण्याचे कामही पूरक प्रथिनेच करतात. कचरा साचला की शरीर त्यालाच शत्रू समजू लागते. 'कमी' आणि 'जास्त' हे शब्द इथे किती तोकडे पडतात ते पाहा.

लगाम सुटला तर काय होते, हे मी प्रयोगशाळेत बसून पाहिले आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका छोट्या गावची चोवीस वर्षांची मुलगी एका तरुण फिजिशियनने माझ्याकडे रक्तासाठी पाठवली. तेरा-चौदाव्या वर्षापासून तिचे ओठ, पापण्या, कधी हात असे अचानक सुजत. खाज नाही, लाल गांधी नाहीत. "अंगावर पित्त उठतंय," असे सगळे म्हणत आणि तिला पित्ताच्या गोळ्या मिळत. गोळ्यांनी काही होत नसे; दोन-तीन दिवसांनी सूज आपोआप उतरे. मधूनमधून पोटात असह्य कळा येत. सतराव्या वर्षी एका रुग्णालयात तिचे अपेंडिक्स काढले. ते निरोगी निघाले. विसाव्या वर्षी दुसऱ्या रुग्णालयात पोट पुन्हा उघडले. काही सापडले नाही. तिची आई बत्तिसाव्या वर्षी गेली होती. दाढ काढून घरी आली, रात्री गळा सुजला आणि पहाटेपर्यंत श्वास कोंडून गेली. गावाने म्हटले, दातवाल्याचे औषध बाधले.

मुलीच्या रक्तात सी-४ जवळजवळ नव्हतेच. पुढच्या तपासणीत सी-१ ला आवरणारे प्रथिन अगदी कमी निघाले. हा आनुवंशिक आजार. १८८८ साली विल्यम ऑस्लर यांनी एकाच घराण्याच्या पाच पिढ्यांत तो वर्णन केला. कारण सापडायला १९६३ साल उजाडले. साधारण पन्नास हजारांत एकाला होतो, आणि आई किंवा वडील यांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. लगाम नसलेले सी-१ सी-४ ला फस्त करत राहते. शिवाय हेच प्रथिन आणखी एका साखळीलाही आवरत असते; ती मोकाट सुटली की ब्रॅडिकायनिन नावाचे द्रव्य तयार होते आणि रक्तवाहिन्या झिरपू लागतात. म्हणून ही सूज ॲलर्जीच्या गोळ्यांना, स्टिरॉइडला, ॲड्रिनलीनलाही दाद देत नाही. पोटातल्या कळा म्हणजे सुजलेले आतडे.

तिला मी हे सारे समजावून सांगितले. ती बराच वेळ अहवालाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सर, म्हणजे आईला हेच होतं?" मी होय म्हणालो. तिने दुसरा काही प्रश्न विचारला नाही. दुसऱ्या दिवशी ती अकरा वर्षांच्या धाकट्या भावाला घेऊन हजर झाली. त्याचेही सी-४ कमी होते, पण त्याला अजून एकदाही सूज आली नव्हती. त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर आजाराचे नाव आणि 'दाताचे किंवा घशाचे कोणतेही काम तज्ज्ञाला विचारल्याशिवाय करू नये' ही सूचना त्या फिजिशियननी स्वतः लिहून दिली. प्रतिबंधक औषधे आहेत. सूज आलीच तर देण्याजोगी इंजेक्शनेही आहेत. ती महाग असतात आणि सगळीकडे मिळत नाहीत, हे खरे. पण निदानच झाले नाही, तर महाग-स्वस्त हा प्रश्नच उद्भवत नाही.

लगाम सुटण्याची इतरही रूपे आहेत. तांबड्या पेशींवरचे सीडी-५५ आणि सीडी-५९ हे बिल्ले नाहीसे झाले, तर पूरक प्रथिने त्या पेशींना परके समजून फोडतात. अशा रुग्णाला सकाळची लघवी काळपट लाल होते, रक्त कमी होते, गुठळ्या होतात. सी-५ ला अडवणारे एक्युलिझुमॅब हे औषध २००७ साली अमेरिकेत मान्य झाले आणि या रुग्णांचे आयुष्यच पालटले. पण २०१० च्या सुमारास त्याची किंमत वर्षाला सुमारे ४ लाख डॉलर होती. २०१० साली 'फोर्ब्स'ने त्याला जगातले सर्वांत महाग औषध म्हटले. २०२३ मध्ये त्याच्या जैवसदृश आवृत्त्यांना युरोपात मान्यता मिळाली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेत तोंडाने घ्यायची कॅप्सूलही मंजूर झाली. गंमत अशी, की हे इंजेक्शन घेणाऱ्याला मेनिंगोकॉकसचा धोका हजार-दोन हजार पटींनी वाढतो, म्हणून त्याची लस आधी द्यावी लागते. लगाम फार घट्ट ओढला तरी घोडा अडतोच.

भारतीय मुलांबाबत एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊन ते बंद पडण्याचा एक आजार आहे. युरोपात अशा दहांतल्या एखाद्या मुलात फॅक्टर एच विरुद्धची प्रतिपिंडे सापडतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय मुलांच्या एका मोठ्या अभ्यासात हे प्रमाण ५६ टक्के निघाले. म्हणजे आपल्या मुलांचे शरीर स्वतःचाच लगाम कापत होते. तोच अभ्यास असेही सांगतो, की वेळेवर रक्तद्रव बदलला आणि प्रतिपिंडे दाबणारी नेहमीच्या वापरातली औषधे दिली, तर यातली बरीच मुले सावरतात. कोट्यवधींचे औषध परवडत नाही म्हणून हात टेकण्याचे कारण नाही. निदान मात्र दिवसांत व्हायला हवे, महिन्यांत नव्हे.

संशोधनाची कक्षा आता आणखी रुंदावली आहे. म्हातारपणी नजरेचा मध्यभाग अंधुक करणाऱ्या आजारात फॅक्टर एचच्या एका जनुकीय भेदाचा मोठा हात आहे, हे २००५ साली एकाच वेळी तीन गटांनी दाखवले. २०२३ मध्ये त्याची प्रगती मंदावणारी, पूरक प्रथिनांना अडवणारी दोन इंजेक्शने अमेरिकेत मान्य झाली. वाढत्या वयाच्या मेंदूत नको असलेले जोड छाटण्यासाठी हीच प्रथिने खुणा करतात, असे २००७ साली उंदरांत आढळले. आणि २०१६ साली सी-४ च्या जनुकांचा स्किझोफ्रेनियाच्या धोक्याशी संबंध दाखवला गेला. जंतू मारायला आलेला शिपाई मेंदूत माळीकाम करतो, हे बोर्देच्या स्वप्नातही आले नसेल!

मग घरच्यांनी यातून काय लक्षात ठेवावे? घसा दुखून गेल्यावर किंवा खरजेचे फोड बरे होत असताना, काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी मुलाचे डोळे सकाळी सुजले आणि लघवी कोऱ्या चहासारखी दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. हा मूत्रपिंडाचा दाह असतो. बहुतेक मुले पूर्ण बरी होतात. त्यात सी-३ उतरते आणि सहा ते आठ आठवड्यांत पूर्ववत होते. म्हणून मूल खेळायला लागले तरी दुसरी तपासणी चुकवू नका. सी-३ खालीच राहिले, तर आजार वेगळा असू शकतो. घराण्यात खाज नसलेली, पुन्हा पुन्हा येणारी सूज असेल, कुणी तरुणपणी गळा सुजून गेले असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा आणि सी-४ तपासायचे का, ते विचारा. अशा माणसाने रक्तदाबाची 'एसीई इनहिबिटर' गटातली औषधे आणि इस्ट्रोजेनच्या गोळ्या टाळायच्या असतात. सकाळची लघवी वारंवार काळपट होत असेल, तर ती उन्हाळी लागली म्हणून सोडून देऊ नका.

काढा प्यायला माझी हरकत नाही. आवडला तर जरूर प्या. पण महिन्याला त्यावर जितके पैसे जातात, जवळपास तेवढ्यातच सी-४ ची तपासणी होते. साताऱ्याकडच्या त्या आईच्या वेळी ती कुणाला सुचली असती, तर दाढ काढण्याआधी तिला चार पिशव्या रक्तद्रव मिळाला असता आणि कदाचित ती आज नातवंडे खेळवत असती. प्रतिकारशक्ती वाढवण्याच्या गोष्टी खुशाल कराव्यात. पण ज्या घरात तिचा लगाम पिढ्यानपिढ्या तुटलेला आहे, त्या घराला तो कुठे तुटला हे सांगणारे कुणीतरी आधी हवे.